तबकडीचा बोटभर शेवट

जळगावात मला खोली दिली ती आबांनी. हे आधीच लिहून ठेवते. पुढे जे सांगणार आहे त्यात आबा तऱ्हेवाईक वाटतील, एखाद्या ठिकाणी कठोरही वाटतील, आणि वाचणारा म्हणेल, घरमालकच तो, हिला त्याचं एवढं काय? तर त्या दिवशी त्यांनी खोली दिली नसती तर आज मी कुठे असते हे मला माहीत नाही. त्याचा विचार मी फार वेळ करू शकत नाही.

मी मूळची सिंधुदुर्गातली. सातवीनंतर शाळा सुटली. लग्न होऊन इतक्या लांब आले ती नवऱ्याच्या नोकरीमुळे. तो इथे पाइपच्या कारखान्यात होता. तो तापाने गेला आणि कारखान्याची खोली सोडावी लागली. माहेरचे येऊन भेटून गेले, रडले, पण "चल आमच्याबरोबर" असं कुणी म्हणालं नाही. मीही विचारलं नाही. चटईच्या कारखान्यात काम मिळालं आणि मी जुन्या गावात खोली बघत फिरू लागले. प्रत्येक दारात तेच. आडनाव काय? म्हणजे कोण तुम्ही? एकट्याच का? कोण येतं-जातं तुमच्याकडे? सगळ्याची उत्तरं दिली की मग त्यांचा पुतण्या गावाहून राहायला येणार असायचा. एका गल्लीत इतके पुतण्ये कसे येतात याचं मला तेव्हा हसूही येत नव्हतं.

आबा पायरीवर बसून निवडुंगाचा काटा काचकागदावर घासत होते. ऐंशीच्या आसपासचे, हाडकुळे, डोक्यावर टोपी आणि टोपीच्या काठात आणखी दोन-तीन काटे खोचलेले. मी खोलीचं विचारलं. त्यांनी मान वर न करता नाव विचारलं. सवयीने मी आधी आडनावच सांगितलं.

"ते अख्ख्या खानदानाचं झालं. तुझं सांग."

मी सांगितलं. त्यांना ऐकू आलं नाही म्हणाले. पुन्हा सांगितलं. तरी नाही. समोरचा शिंपी मशीन थांबवून बघायला लागला. शेवटी मी चिडून ओरडले म्हणावं इतक्या मोठ्याने माझं नाव सांगितलं. लग्न झाल्यापासून ते मी स्वतःच्या तोंडाने तेवढ्या मोठ्याने कधी उच्चारलं नव्हतं. आबांनी काटा डोळ्यांसमोर धरून टोक बघितलं आणि म्हणाले, "वरची खोली. नळाला पाणी सकाळी येतं. घराबाहेर पडताना दारात नाव सांगून जायचं. येताना नाही सांगितलं तरी चालेल."

बस, एवढीच त्यांची अट. पुढे त्यांनी मला ना जात विचारली ना नवरा.

ती अट सगळ्यांनाच होती. दूधवाला, वायरमन, मीटर बघायला आलेला मुलगा, कुणीही असो, आबांच्या घरातून निघताना उंबऱ्यावर थांबून स्वतःचं नाव सांगायचं. शिंपी म्हणायचा, "आबांच्या घरातून चोर पळाला ना, तरी नाव सांगून पळेल." आबा यावर हसायचे नाहीत. ते म्हणायचे, गाणं कुणाचंही असो, शेवटी नाव सांगावं, नाहीतर गाऊन काय उपयोग. शिंपी म्हणायचा, पण आबा, मी गातोय कुठे, मी तुमच्या पायजम्याची नाडी द्यायला आलोय.

मला पहिले काही दिवस उंबऱ्यावर घाम फुटायचा. आज विसरले तर खोली जाईल, हळू बोलले तर खोली जाईल. कामाला उशीर झाला तरी मी पुन्हा पायऱ्या चढून नाव सांगून आलेली आहे. मग कधीतरी ती भीती गेली आणि त्या जागी दुसरंच काहीतरी आलं. कारखान्यात मी 'ए कोकणी' होते, गल्लीत 'आबांची भाडेकरीण'. दिवसातून एकदा त्या दारात मी मी होते.

आता त्यांच्या खोलीविषयी. खालच्या मधल्या खोलीत जमिनीपासून माळ्यापर्यंत तबकड्या होत्या. ग्रामोफोनच्या, जुन्या, लाखेच्या. हातातून पडल्या की बांगडीसारख्या फुटणाऱ्या. मधोमध चावीची पेटी आणि तिला पितळी भोंगा. मला आधी वाटलं, म्हाताऱ्याला गाण्याचा नाद आहे. पण आबांनी एकही गाणं कधी पूर्ण ऐकलं नव्हतं. चावी भरायची, तबकडी फिरवायची आणि काटा ठेवायचा तो थेट शेवटी, मधोमध चिकटवलेल्या गोल कागदाच्या अलीकडे बोटभर जागा उरलेली असते तिथे. गाण्याची शेवटची तान कशीबशी ऐकू यायची, ती संपायची आणि मग गाणारी बाई बोलायची. घाईघाईत, किंचित किंचाळून, आपलं नाव. कुणी मराठीत, कुणी हिंदीत, कुणी मोडक्या इंग्रजीत. कुणी गावाचं नावही जोडायची. मग नुसती खरखर. आबा काटा उचलायचे आणि त्या भोंग्याला म्हणायचे, "बरं, बाई."

असं का, हे त्यांनीच सांगितलं. सुरुवातीच्या काळात गाणं इथे भरायचे, पण तबकड्या छापायच्या समुद्रापलीकडे. तिथल्या कामगाराला काय कळणार की ही कोण आणि ती कोण? म्हणून गाणं संपलं की गाणाऱ्याने आपलं नाव स्वतः पुकारायचं, म्हणजे तिकडच्याने ऐकून कागदावर लिहायचं. पुढे कागद इथेच छापायला लागले तरी काही जणींची सवय राहिली. आबा म्हणायचे, "गाणं सगळ्यांसाठी. नाव मात्र ती एका माणसाला सांगते, जो तिला कधी बघणार नाही."

स्टीलची सुई ते वापरत नसत. असोद्याच्या रस्त्याला कुंपणाचा निवडुंग आहे, तिथून काटे आणून वाळवायचे, घासून टोक करायचे. सुई रेघ खाते, काटा स्वतः झिजतो, असं त्यांचं म्हणणं. एक बाजू झाली की काटा फेकून द्यायचा. घरात अनवाणी चालायची सोय नव्हती.

आबा आयुष्यभर लाल गाडीवर कंडक्टर होते, जळगाव-धुळे. पारोळा, एरंडोल, मधली सगळी खेडी त्यांना घर न् घर ठाऊक. कुणाच्या माळ्यावर तबकड्या आहेत अशी कुणकुण लागली की ते जायचे. निवृत्तीनंतरही जायचे, आणि माझ्या सुट्टीच्या दिवशी कधी कधी मला बरोबर न्यायचे, कारण एकटा म्हातारा आला की लोक दार लावून घेतात, बाई बरोबर असली की पाणी विचारतात. सावद्याला एका केळीच्या व्यापाऱ्याकडे गेलो होतो. त्यांच्या मागच्या पडवीत लोणच्याच्या बरण्या होत्या आणि बरण्यांवर झाकण म्हणून तबकड्या. घरची सून म्हणाली, न्या की, पण बदल्यात झाकणं आणून द्या. आबांनी मला बाजारात पाठवून झाकणं आणवली. घरी येऊन एकेक धुऊन, पुसून, वाळवून शेवटी काटा ठेवला. एका बाईचं नाव आलं, मग दुसरीचं. आबा प्रत्येकीला "बरं, बाई" म्हणाले, पण मान खाली. मी विचारलं, आबा, तुम्ही कुणाला शोधताय?

त्यांनी पेटीमागून लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेली एक तबकडी काढली. तिच्या मधल्या गोल कागदाचा फक्त काठ उरला होता. बाकी सगळा कागद धारेच्या हत्याराने खरवडून काढलेला, इतक्या जोरात की खाली लाखेवरही ओरखडे होते.

गोष्ट आबांच्या आजोबांची. धुळ्याजवळ पांझरेच्या काठी त्यांचं गाव. आजोबा हौशी. त्या टापूत पहिला ग्रामोफोन त्यांनी आणला आणि ओट्यावर मांडला. लोक आधी भोंग्याच्या आत वाकून बघायचे, आत बाई कुठे बसली आहे ते. एका म्हाताऱ्याने तर ती एवढी गाते म्हणून भोंग्यापुढे गुळाचं पाणी आणून ठेवलं होतं. ज्यांना ओट्यावर चढायची मुभा नव्हती ते लांब निंबाखाली उभे राहायचे, आणि आवाज त्यांच्यापर्यंत जाऊन पोचायचा. त्याला कुणी अडवू शकत नव्हतं. ज्या गाणाऱ्या बायकांना गावाने वेशीच्या आत घेतलं नसतं त्यांच्या गाण्यावर गावचे प्रतिष्ठित माना डोलवायचे, आणि आजोबा मिशीला पीळ देत चावी भरायचे.

आजोबांची धाकटी बहीण लग्न होऊन मुंबईला गेली होती. ती आखाजीची गाणी फार छान म्हणायची. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. खानदेशात तो माहेरवाशिणींचा सण. भाऊ मुराळी होऊन बहिणीला आणायला जातो, झाडाला झोके बांधतात, झोक्यावर बसून बायका गाणी म्हणतात. मुंबईत कुणीतरी तिचा गळा ऐकला, तबकड्यांच्या कंपनीतल्या साहेबापुढे नेलं आणि तिने झोक्यावरचं एक गाणं यंत्रात भरलं. कौतुकाने एक तबकडी तिने भावाला पाठवली. तिला वाटलं असेल, ओट्यावर सगळ्यांना ऐकवतील.

आजोबांनी कागद वाचला, आत गेले आणि नाव खरवडून काढलं. दुसऱ्यांच्या बहिणींचा आवाज ओट्यावर चालत होता. स्वतःच्या बहिणीचा नाही. त्या वर्षापासून तिला आखाजीला आणायला कुणी गेलं नाही. घरात तिचं नाव घ्यायला बंदी झाली. वंशावळीत मुलींची नावं नसतातच. तबकडी मात्र कुणीतरी धान्याच्या कणगीत लपवून ठेवली. ती आबांना वाटणीच्या वेळी सापडली. त्यांच्या आईने तेवढं सांगितलं की ही तुझ्या आजोबांची बहीण, आणि शेवटी ती नाव सांगायची. नाव काय, म्हणून आबांनी विचारलं तर आई म्हणाली, सासरच्या थोरांचं नाव सुनेने घ्यायचं नसतं. ती स्वतःच सांगायची.

आबांनी मला तबकडी वाजवून दाखवली, फक्त शेवट. गाणं बारीक पण नीट येत होतं, झोका जावा-यावा तसं. ते संपलं. मग जिथे नाव यायला हवं तिथे नुसती खरखर, वाळूवर पाय ओढत चालल्यासारखी.

"त्यांनी आवाजही खरवडला," आबा म्हणाले. "कागदावर भागलं नाही त्यांचं."

म्हणून ते दुसरी प्रत शोधत होते. एका तबकडीसाठी कुणी साहेब समुद्रापार खटाटोप करत नाही, कुठेतरी दुसरी असणारच, असा त्यांचा हिशेब. आणि ती मिळेपर्यंत बाकीच्या ज्या बायका आपलं नाव सांगत होत्या त्यांना "बरं" म्हणणारं कुणीतरी हवं, एवढंच. आजोबांवरचा राग त्यांनी असा सांभाळला होता की वाटणीनंतर त्या घरचं पाणी प्यायले नाहीत. धुळ्याला रोज गाडी घेऊन जात, पण पुढे गावी नाही. माझ्यापुढे आजोबांना ते जे शब्द वापरायचे ते मी लिहीत नाही. आणि नावं लिहायचीही नाहीत, हा त्यांचाच नियम. लिहिलेलं खरवडता येतं, बोललेलं राहतं. म्हणून या कागदावर आबांचं नाव नाही, माझंही नाही.

मला एकच गोष्ट कळत नव्हती. गावच्या घरात त्यांची थोरली बहीण होती, अक्का. लवकर विधवा होऊन माहेरी आलेली, नव्वदीची. मी भीत भीत विचारलं, "आबा, अक्कांना कधी विचारलंत का?"

जगभरातल्या बायकांची नावं ऐकत बसलेल्या या माणसाला घरच्या बाईला विचारायचं सुचलंच नव्हतं. किंवा सुचलं असेल, पण विचारायला त्या घरात जावं लागलं असतं. दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. मी रात्रंदिवस घाबरलेली, बोचकं बांधून ठेवलं होतं. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "आखाजीच्या आत जाऊन येऊ. ती आजारी आहे म्हणतात. पेटी तू धर, तबकडी मी धरतो."

धुळ्यापर्यंत त्यांनी तबकडी मांडीवर दोन्ही हातांनी धरली होती. गचका बसला की उचलून धरायचे, लेकरासारखी. उन्हाने रस्ता पांढरा पडलेला. माझ्या पायांपाशी पेटी, आणि मला सारखं वाटत होतं की काहीतरी फुटणार.

अक्का ओसरीत खाटेवर होत्या. इतक्याशा, गोधडीखाली कुणी आहे हे कळू नये अशा. आबा उंबऱ्यात थबकले. एवढ्या वर्षांनी त्या घरात पाय टाकत होते.

"भाऊ उना का?" अक्का अहिराणीत म्हणाल्या, भाऊ आला का म्हणून. "इतला वरीसमा याद उनी तुले?"

आबांनी तबकडी हळूच खाटेच्या कडेला ठेवली. मग अक्कांनी माझ्याकडे बघून ही कोण म्हणून विचारलं, तर आबा म्हणाले तिचं ती सांगेल. मी सांगितलं, मोठ्याने. अक्का हसल्या. म्हणाल्या, चांगलं शे.

पेटी मांडली. आबांनी नवा काटा लावला आणि पहिल्यांदाच, बहुतेक जन्मात पहिल्यांदाच, तो सुरुवातीला ठेवला. गाणं लागलं. लांबून येत असल्यासारखा, उंच, कोवळा आवाज. अक्कांनी डोळे मिटले. गोधडीखाली त्यांची पावलं हलत होती, मागे-पुढे, जमीन ढकलून झोका घ्यावा तशी. ओठ शब्दांच्या बरोबरीने हलत होते. मग गाणं संपलं आणि खरखर सुरू झाली.

आबा त्यांच्या कानाशी वाकून म्हणाले, आजोबांनी नावही खोडलं, आवाजही खोडला.

अक्कांनी मान हलवली. "नही, भाऊ. कागद त्यासनी खोडा. आवाज आम्ही खाधा."

आणि त्यांनी सांगितलं. थांबत, मध्येच पाणी घेत. आखाजीच्या दिवशी पुरुष पत्ते खेळायला बसायचे, तो एक दिवस त्यांना कुणी काही म्हणत नाही. सगळे पुरुष पारावर गेले की घरातल्या बायका कणगीतून तबकडी काढायच्या. दार लावून घ्यायच्या. जिला माहेरी आणत नव्हते तिला अशी त्या घरात आणायच्या. पण सुई कुठली? नव्या सुया आजोबांच्या कपाटात, कुलपात. ते एकदा वापरलेली सुई ओट्याखाली फेकून द्यायचे. बायकांनी धुळीतून एक उचलली होती. अजून टोचते म्हणजे चांगली आहे, एवढंच त्यांना ठाऊक. ती कुंकवाच्या करंड्यात जपून ठेवलेली, आणि दर वर्षी तीच. गाणं एकदा ऐकायच्या. पण शेवटी ती आपलं नाव सांगायची, कुणाची कोण, कुठली, ते ऐकायला सगळ्या जीव टाकायच्या. म्हणून सुई मागे सरकवायच्या. पुन्हा. पुन्हा. पुरुष परत यायच्या आत जितक्यांदा होईल तितक्यांदा.

बोथट सुईने त्यांनी नेमकं नावच खाऊन टाकलं होतं. गाणं राहिलं, कारण गाणं एकदाच वाजायचं.

"एक आखाजीले नाव उनंच नही," अक्का म्हणाल्या. "नुसती खरखर. आम्हले वाटनं, ती गयी."

आणि त्या वर्षी घरातल्या बायकांनी गुपचूप अंघोळी केल्या. सुतकाच्या. विहिरीवर, दुपारी, पुरुष पत्ते खेळत असताना. ती तेव्हा मुंबईत जिवंत असेलही. पण या घरापुरती ती त्या दिवशी मेली, आणि तबकडी कणगीत गेली ती कुणी पुन्हा काढली नाही.

आबांनी खाटेची कड घट्ट धरली होती. त्यांनी विचारलं, "अक्का, नाव?"

अक्का तेव्हा लहान होत्या, बायकांच्या मागे उभ्या राहून ऐकायच्या. मग त्यांनी उजवा हात कानाशी नेला आणि बांधावरून कुणाला हाक मारावी तसा आवाज काढला. शब्द नव्हते त्यात. चढ होता, मधे किंचित थांबणं होतं, मग उतार. नव्वदीच्या गळ्यातून पोरीचा आवाज निघाला.

"पुन्हा," आबा म्हणाले.

अक्कांनी पुन्हा काढला. तोच चढ, तोच उतार.

"नाव गयं, भाऊ," त्या म्हणाल्या. "हाक ऱ्हायनी."

मी मोबाइल काढला होता, तो आवाज तरी भरून घ्यावा म्हणून. अक्कांनी तो बघितला आणि पदर तोंडाला लावला. यंत्राला आवाज दिला की माहेर तुटतं, हे त्या घरात त्यांनी डोळ्यांनी बघितलं होतं. मी फोन पिशवीत टाकला. आबा त्या घरचं पाणी प्यायले. दोन पेले.

परतीच्या गाडीत पारोळा गेलं, एरंडोल गेलं. कंडक्टर गावं पुकारत नव्हता, मशीनमधून तिकिटं काढत होता. आबा खिडकीबाहेर बघत एकच वाक्य बोलले, "मी त्यांना जन्मभर शिव्या घातल्या." त्या आवाजाचा राग धरायला आजोबा उरले नव्हते, आणि ज्यांनी केलं त्यांच्यावर राग धरता येत नव्हता.

त्यानंतर ते मला दारात अडवेनासे झाले. मी उंबऱ्यावर उभी राहून नाव सांगायची, ते काटा घासत बसलेले, मान वर नाही. शिंपी मुद्दाम येऊन, जाताना गल्ली दणाणेल असं स्वतःचं नाव ओरडला, आजोबा-पणजोबांसकट. आबा हलले नाहीत. शिंपी माझ्याकडे येऊन हळूच म्हणाला, "बरं नाही का हो त्यांना?" त्याचं तोंड उतरलेलं होतं.

एका दुपारी खालून गाणं ऐकू आलं. पूर्ण, पहिल्यापासून. मी जिन्यात बसून ऐकलं. कुणा बाईचं ते मला माहीत नाही. शेवटची तान संपत आली आणि ती आता नाव सांगणार तेवढ्यात आबांनी काटा उचलला. मी खाली गेले. ते म्हणाले, "ऐकलं की झिजतं. राहू दे. हिचं तरी राहू दे."

ते दिवाळीच्या आत गेले. झोपेतच. अक्का त्यांच्या आधी गेल्या होत्या, पावसाळ्यात. ते कळल्यावर आबांनी कानाशी हात नेला होता, पण आवाज काढला नाही.

आबांचा पुतण्या नाशिकहून आला. वाईट माणूस नव्हता. घर विकायचं होतं, मला दुसरी जागा बघायला त्याने पुरेसा वेळ दिला. तबकड्या कुणा हॉटेलवाल्याने नेल्या, भिंतीवर लावायला; जुन्या काळाचं वाटतं म्हणे. मी एक मागितली. तिचा कागद खरवडलेला होता, भिंतीवर शोभली नसती, म्हणून मिळाली. पेटीही मिळाली, भोंग्याशिवाय.

आता मी असोद्याला राहते, बसने कामाला येते. निवडुंगाचं ते कुंपण माझ्या वाटेवरच आहे. कारखान्यात मोबाइलवर आवाजी निरोप पाठवताना मी शेवटी नाव सांगते. बायका हसतात. अगं, वर दिसतंच की, म्हणतात. दिसतं, पण मी सांगते. सुट्टीच्या दिवशी मुक्ताईनगर, सावदा, यावल, जिथे कुणाची ओळख निघेल तिथे जाते आणि माळ्यावर जुन्या तबकड्या आहेत का विचारते. लोक मला आबांसारखीच समजायला लागले आहेत. दार लावतात. मला अजून भीती वाटते, कुणी रागावेल, कुणी हाकलेल. तरी विचारते. ते गाणं मला पहिल्या ओळीवरून ओळखता येतं. कुठल्या तरी बरणीवर दुसरी प्रत झाकण म्हणून पडलेली असेल, आणि तिचा शेवट कुणी इतक्या मायेने ऐकलेला नसेल.

ती मिळेल तेव्हा मी ती एकदाच वाजवीन. आखाजीच्या दुपारी, नव्या काट्याने. मग जळगावच्या जुन्या गावात आबांच्या त्या घरासमोर जाईन. तिथे तेव्हा कोण राहत असेल, काय म्हणेल, ते म्हणू दे. उंबऱ्याशी उभी राहून मोठ्याने सांगेन: आधी तिचं नाव, मग आबांचं, आणि निघताना माझं.